एदुआर्दो कामाविंगा : फुजेर ते माद्रिद, आणि मधली आठ वर्षं

मधलीफळी

कामाविंगाबद्दल कुठेही वाचायला घेतलं की सुरुवात ठरलेली असते : निर्वासितांच्या छावणीत जन्मला आणि रेआल माद्रिदला पोचला. दोन्ही टोकं खरी आहेत. १० नोव्हेंबर २००२ रोजी अंगोलाच्या काबिंडा प्रांतात, मिकोंजेच्या छावणीत तो जन्मला. आईवडील काँगोतल्या युद्धातून जीव वाचवून तिथे आले होते. आणि ३१ ऑगस्ट २०२१ ला, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने रेआलशी सहा वर्षांचा करार केला. पण ही दोन टोकं जोडली की मधलं सगळं गायब होतं आणि गोष्ट चमत्काराची होऊन बसते. मला त्या मधल्या भागाबद्दल लिहायचंय, कारण खेळाडू तिथे घडला.

एदुआर्दो अगदी लहान असताना कुटुंब फ्रान्सला आलं आणि पुढे फुजेरमध्ये स्थिरावलं. ब्रिटनी प्रांताच्या पूर्व टोकाचं हे गाव, वीसेक हजार वस्तीचं, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढं. मधोमध मध्ययुगीन किल्ला. एके काळी चपला-बुटांच्या कारखान्यांसाठी ओळखलं जायचं. एदुआर्दो आधी ज्युदो शिकत होता. घरात बॉल खेळून वस्तू फोडायला लागला तेव्हा फुटबॉलकडे वळवला गेला आणि द्रापो-फुजेर या गावातल्या क्लबात जाऊ लागला.

२०१३ साली त्यांचं घर जळालं. तो तेव्हा शाळेत होता. कुटुंबाचं होतं नव्हतं ते सगळं गेलं. घर पुन्हा तू उभं करशील, असं वडिलांनी त्याला सांगितलं होतं, हे त्याने नंतर मुलाखतींतून सांगितलंय. मला हे वाचताना प्रत्येक वेळी थांबायला होतं. दहा वर्षांच्या पोराला असं वाक्य ऐकून बळही येईल आणि त्या ओझ्याखाली तो वाकेलही. त्याच वर्षी तो पन्नासेक किलोमीटरवरच्या रेन शहरातल्या स्ताद रेने क्लबच्या अकादमीत गेला.

तिथून पुढची पाच वर्षं बातम्यांत कुठेच नाहीत. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. रेनची अकादमी फ्रान्समधल्या नावाजलेल्यांपैकी एक. सिल्व्हां विल्तोर्द, योआन गुर्कुफ, उस्मान देम्बेले हे सगळे तिथून आलेले. एदुआर्दोला तिथे मधल्या फळीतलं काम शिकवलं गेलं : बॉल येण्याआधी मान वळवून मागे पाहणं, अंगावर माणूस असताना बॉल घेणं, एका स्पर्शात त्याला चुकवून वळणं. तो डावरा आहे. पाय लांब आहेत, त्यामुळे बॉल समोरच्याचा झाला असं वाटत असतानाच याचा पाय कुठूनसा मध्ये येतो. आणि बॉल काढून घेतल्यावर तो थांबत नाही, त्याच पावलात पुढे निघतो. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा याच गोष्टीने खिळून राहिले.

१४ डिसेंबर २०१८ ला, सोळा पूर्ण होऊन महिना झाला होता, त्याने पहिला व्यावसायिक करार केला. ६ एप्रिल २०१९ ला आँझेविरुद्ध, ३-३ सुटलेल्या सामन्यात, प्रशिक्षक ज्युलियां स्तेफांनी त्याला पहिल्यांदा मैदानात उतरवलं. रेनच्या पहिल्या संघाकडून खेळलेला तो सगळ्यात लहान खेळाडू.

मग १८ ऑगस्ट २०१९. घरच्या मैदानावर, रोआझों पार्कला, समोर पॅरिसचा बलाढ्य क्लब पीएसजी. कावानीने पीएसजीला आघाडी मिळवून दिली, मध्यंतराआधी नियांगने बरोबरी साधली. मध्यंतरानंतर लगेच कामाविंगाचा डावीकडून आलेला क्रॉस आणि देल कास्तियोचं हेडर. २-१. पण पास विसरा. तो सामना पूर्ण पाहा. पीएसजीचा वेराती अंगावर धावून येतोय आणि सोळा वर्षांचा मुलगा बॉल पायाखाली ठेवून त्याला बाजूने जाऊ देतोय. त्या महिन्याचा लीगमधला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

त्या हंगामात त्याचे लीगमध्ये पंचवीस सामने झाले. कोविडमुळे हंगाम अर्ध्यावर थांबला तेव्हा रेन तिसऱ्या जागी होते आणि क्लबच्या इतिहासात पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीगला, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेला, पात्र ठरले. ८ सप्टेंबर २०२० ला क्रोएशियाविरुद्ध तो फ्रान्सकडून बदली म्हणून उतरला. मधल्या फळीतल्या पोग्बाला कोविड झाल्यामुळे फ्रान्सचे प्रशिक्षक दिदिए देशां यांनी त्याला बोलावलं होतं. वय सतरा वर्षं नऊ महिने. इतक्या लहान वयात फ्रान्सकडून खेळलेला माणूस शोधायला १९१४ पर्यंत मागे जावं लागत होतं. महिन्याभराने, ७ ऑक्टोबरला, युक्रेनविरुद्ध पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळला आणि नवव्या मिनिटाला पाठमोऱ्या किकने गोल केला. फ्रान्स ७-१ जिंकलं.

माझं म्हणणं एवढंच, की सोळाव्या वर्षी मोठ्यांमध्ये उतरला ही घाई नव्हती. त्याआधी पाच वर्षं त्याला एकच काम नीट शिकवलं होतं. माद्रिदला गेल्यावर मात्र तो सलगपणा तुटला असं मला वाटतं. त्यावर तुमचं मत वाचायचंय.

रात्रपाळी

छान लिहिलंय, मधलीफळी. मी रुग्णालयात रात्रपाळी करते, त्यामुळे युरोपातले सामने माझ्या जेवणाच्या सुट्टीत येतात. कामाविंगा माझ्या लक्षात राहिला तो २०२२ च्या वसंतात. चॅम्पियन्स लीगमध्ये रेआलकडून, पीएसजीविरुद्ध ९ मार्चला क्रूसच्या जागी आला आणि त्यानंतर बेन्झेमाचे तीन गोल झाले. चेल्सीविरुद्ध परत क्रूसच्या जागी. मँचेस्टर सिटीविरुद्ध मॉड्रिचच्या जागी. क्रूस आणि मॉड्रिच म्हणजे रेआलच्या मधल्या फळीतले दिग्गज. तीनही वेळा रेआल हरण्याच्या बेतात होतं आणि हा येऊन खेळाचा वेग बदलत होता. एकोणीस वर्षांचा मुलगा क्रूस आणि मॉड्रिचच्या जागी येतोय आणि संघ सुधारतोय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून सलगपणा तुटला हे मला पटत नाही. त्याने तिथे जे शिकलं ते रेनमध्ये राहून कसं मिळालं असतं?

ल्योंकर

मी बारा वर्षं ल्योंमध्ये राहतो. १५ डिसेंबर २०१९ ला स्टेडियममध्ये होतो. ०-० सुटणार म्हणून आमच्या रांगेतले लोक मेट्रोची गर्दी टाळायला उठू लागले होते. ८९ व्या मिनिटाला कामाविंगाने गोल केला, त्याचा व्यावसायिक फुटबॉलमधला पहिला. आमच्या बाजूला एकदम शांतता. शेजारच्या आजोबांनी मला त्याचं वय विचारलं. मी सतरा सांगितलं तर त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

मूळ लेखात एक भर घालतो. फ्रान्समध्ये अकादमी म्हणजे फक्त मैदान नव्हे, मुलाच्या शाळेची जबाबदारीही क्लबवर असते. रेनची तर स्वतःची खासगी शाळा आहे, ओदोरिको बंधूंच्या नावाची. कामाविंगा पहिल्या संघात खेळत असतानाच बाकालोरेआच्या, म्हणजे आपल्या बारावीसारख्या परीक्षेच्या वर्षात होता. २०२० साली कोविडमुळे लेखी परीक्षा झाली नाही, वर्षभराच्या गुणांवर निकाल लागला आणि तो पास झाला. विचार करा, रविवारी लीगचा सामना आणि सोमवारी वर्गात अर्थशास्त्र. इथल्या वर्तमानपत्रांनी त्याच्या निकालाचीही बातमी केली होती.

आणि एक दुरुस्ती. रेनचा सगळ्यात लहान खेळाडू हा विक्रम आता त्याचा नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मातिस तेलने तो मोडला, सोळा वर्षं ११० दिवस. तोही त्याच अकादमीतला.

मधलीफळी

ल्योंकर, मनापासून आभार. तेलचं राहून गेलं होतं. शाळेबद्दलचं मला माहीतच नव्हतं, तो भाग लेखात हवा होता.

रात्रपाळी, तुमचा मुद्दा खरा आहे. पण २०२२ मध्ये तो शेवटची वीस-तीस मिनिटं येत होता, समोरचे दमलेले असायचे आणि खेळ विस्कटलेला असायचा. मधल्या फळीचा खेळाडू नव्वद मिनिटांत घडतो. खेळ आपल्या बाजूने नसताना तो सावरायचा कसा, कधी संथ करायचा, हे बदली येऊन शिकता येत नाही.

मोंजुइक

मी बार्सिलोनाचा चाहता आहे, तरीही या मुलाबद्दल मनापासून लिहितो. रेआलने त्याच्यावर अन्याय केला असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी व्यवहाराचं बोलू. रेनशी त्याचा करार २०२२ पर्यंतच होता. २०२१ च्या उन्हाळ्यात एकच वर्ष उरलं होतं आणि तो नवा करार करत नव्हता. पुढच्या वर्षी फुकट गमावण्यापेक्षा रेनने शेवटच्या दिवशी विकला. तेव्हा तीस कोटी युरोच्या आसपास आकडा छापून आला होता. इतक्या गुणी खेळाडूसाठी ही रक्कम कमीच.

आणि मग त्याला खेळवलं कुठे? २०२२ च्या विश्वचषकात ट्युनिशियाविरुद्ध प्रशिक्षक देशां यांनी लेफ्ट बॅक, म्हणजे बचावफळीत डावीकडे. अर्जेंटिनाविरुद्धच्या अंतिम सामन्यात ७१ व्या मिनिटाला थिओ हर्नांदेझच्या जागी परत लेफ्ट बॅक. तिथून माद्रिदला आला तर रेआलचे तेव्हाचे प्रशिक्षक अँचेलोटींनीही मार्च-एप्रिलपासून तिथेच ठेवला. ५ एप्रिल २०२३ ला आमच्याच मैदानावर आम्हाला ४-० हरवलं तेव्हा तो लेफ्ट बॅक होता आणि उत्तम खेळला. हेच दुर्दैव! परक्या जागी चांगला खेळला म्हणून तिथेच अडकला.

ल्योंकर

मोंजुइक, रकमेत शून्य जास्त पडलंय. तीस कोटी नव्हे, तीन कोटी युरो, म्हणजे तीस-एकतीस मिलियन.

मोंजुइक

बरोबर, तीन कोटी. चूक माझी. मुद्दा तोच राहतो, उलट जास्त पक्का होतो.

रात्रपाळी

लेफ्ट बॅकबद्दल मला वेगळं वाटतं. ९ मे २०२३, सिटीविरुद्धचा उपांत्य सामना, रेआलचं घरचं मैदान बर्नाबेऊ. तो डाव्या बाजूने बॉल घेऊन धावत सुटला, व्हिनिसियसला दिला आणि व्हिनीने लांबून गोल मारला. ती धाव मधल्या फळीतल्या माणसाचीच होती. समोर मोकळी जागा दिसल्यावर आत वळून धावणं त्याला त्याच्या मूळ जागेने शिकवलं होतं. अँचेलोटींनी त्याचं काम बदललं नाही, फक्त सुरुवातीची जागा बदलली असं मी म्हणेन. परतीच्या सामन्यात ४-० मार खाल्ला हे खरं, पण त्या रात्री सगळाच संघ कोसळला होता.

पंचगंगाकाठ

मी कोल्हापुरात बारा वर्षांखालच्या पोरांना शिकवतो. इथे पेठेपेठेत फुटबॉल आहे, शाहू स्टेडियमवर गर्दी मावत नाही, हे मी सांगायला नको. म्हणून मला द्रापो-फुजेरबद्दल बोलायचंय.

फिफाच्या नियमाप्रमाणे खेळाडू करार चालू असताना विकला गेला की रकमेतले पाच टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. हिशेब बाराव्या वाढदिवसाच्या हंगामापासून तेविसाव्यापर्यंत. पंधरापर्यंतच्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा. आता बघा, कामाविंगा बाराव्या वर्षाच्या आधीच रेनला गेला. म्हणजे ज्यांनी त्याला बॉल कसा थांबवायचा ते दाखवलं, पावसात मैदानाच्या कडेला उभं राहून ओरडून शिकवलं, त्यांची वर्षं या वाटणीत मोजलीच जात नाहीत.

मला हे फार लागतं. सहा ते अकरा या वयातच पोराचा बॉलशी हात बसतो, नंतर नुसती ताकद आणि समज वाढते. अकराव्या वर्षी माझ्याकडून पोरगं मोठ्या अकादमीत गेलं की मला आनंद होतो, मी स्वतः बॅग उचलून गाडीत बसवून येतो. पण नियम लिहिणाऱ्यांनी ती पाच वर्षं शून्य धरावीत हे बरोबर नाही.

आणि ताई, तुमच्या लेखातलं मान वळवून पाहण्याचं वाक्य मी पोरांना वाचून दाखवणार आहे. रोज सांगतो, ऐकत नाहीत.

मधलीफळी

पंचगंगाकाठ, हा नियम मला वरवर माहीत होता, पण बाराची अट अशी लागू पडते हे कधी लक्षातच आलं नव्हतं. दादा, मी आठ वर्षं म्हटली ती २०१३ पासून मोजली. तुमचं वाचल्यावर वाटलं की मोजणी आधीपासून हवी होती.

गंधाली

फुटबॉल मी फारसा पाहत नाही, पण धागा वाचत बसले. एक प्रश्न. जन्म अंगोलात, आईवडील काँगोचे, मग तो फ्रान्सकडून कसा खेळला? पर्याय होता का?

ल्योंकर

गंधाली, अंगोलाचा पर्याय जन्मामुळे होता, काँगोचा आईवडिलांमुळे. फ्रान्सचं नागरिकत्व मात्र त्याच्याकडे नव्हतं. इथे वाढलेला, इथल्या शाळेत शिकलेला, पण कागदावर परका. ५ नोव्हेंबर २०१९ ला, सतरावा वाढदिवस पाच दिवसांवर असताना, त्याला नागरिकत्व मिळालं. म्हणजे ऑगस्टमध्ये पीएसजीला हरवणारा आणि लीगमधला महिन्याचा सर्वोत्तम ठरलेला मुलगा तोपर्यंत फ्रेंच नव्हता. नागरिकत्व मिळाल्यावर लगेच एकवीस वर्षांखालच्या फ्रेंच संघाचं बोलावणं आलं.

मी स्वतः इथे कार्डाचं नूतनीकरण करायला रांगेत उभा राहिलोय. त्या कागदांची वाट पाहणं काय असतं ते मला माहीत आहे. तो ज्या वयात ते सगळं डोक्यात ठेवून खेळत होता, त्याचं मला गोलापेक्षा जास्त कौतुक आहे.

मोंजुइक

तुलनेसाठी वॉरेन झाईर-एमरी घ्या. ८ मार्च २००६ चा जन्म, पॅरिसच्या वेशीवरचं मोंत्रय. घरचा क्लबच पीएसजी. ६ ऑगस्ट २०२२ ला सोळाव्या वर्षी पहिला सामना. १८ नोव्हेंबर २०२३ ला जिब्राल्टरविरुद्ध, त्या १४-० च्या सामन्यात, फ्रान्सकडून उतरला आणि कामाविंगाचा लहान वयाचा विक्रम मोडला. गोल केला आणि त्याच गोलाच्या वेळी घोट्याला लागून बाहेरही गेला. त्याला गाव सोडावं लागलं नाही, भाषा बदलावी लागली नाही. कामाविंगाने अठराव्या वर्षी स्पॅनिश शिकत शिकत कॅसेमिरो-क्रूस-मॉड्रिचच्या मागे रांग लावली. हा फरक लहान नाही.

पंचगंगाकाठ

झाईर-एमरीचा विषय निघालाय म्हणून सांगतो. २०१७ ला सतरा वर्षांखालचा विश्वचषक आपल्याकडे झाला, आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. तेव्हा फ्रान्सची पोरं गुवाहाटीत होती. न्यू कॅलेडोनियाला सात, होंडुरासला पाच गोल मारले. अमीन गुइरीचा खेळ बघून आम्ही शिक्षक मंडळी टीव्हीसमोर गप्प झालो होतो. एवढं असून स्पेनकडून हरून घरी गेले. फ्रान्समध्ये अशा पोरांची रांगच्या रांग आहे. कामाविंगा त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान आणि तो त्या रांगेतून पुढे आला, हे ध्यानात घ्या.

मधलीफळी

मोंजुइक, तुमचं बरंचसं मला पटतंय. फक्त अन्याय हा शब्द मी वापरणार नाही. त्याने पहिल्याच सामन्यात, १२ सप्टेंबर २०२१ ला सेल्टा व्हिगोविरुद्ध, मैदानात आल्यावर काही मिनिटांत गोल केला. तीन दिवसांनी इंटरविरुद्ध मिलानमध्ये ८९ व्या मिनिटाला रॉड्रिगोला पास दिला आणि रेआल १-० जिंकलं. संघाने त्याला दूर ठेवलं नव्हतं. मला खंत आहे ती पुढची. नोव्हेंबर २०२३ मध्ये फ्रान्सच्या सरावात उजवा गुडघा दुखावला, ऑगस्ट २०२४ मध्ये डावा. १ जून २०२४ ला वेम्बलीवर डॉर्टमुंडविरुद्धच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात सुरुवातीपासून, मधल्या फळीत खेळला. आता ती जागा त्याची झाली असं वाटलं होतं. अडीच महिन्यांत दुखापत.

रात्रपाळी, ४ मे २०२२ च्या सिटीच्या सामन्याबद्दल तुम्ही अजून लिहा ना. रॉड्रिगोच्या पहिल्या गोलात त्याचा हात होता, हो ना?

रात्रपाळी

हो. आपल्याकडे रात्रीचे अडीच वाजत आले होते. सगळे गोल करणाऱ्या रॉड्रिगोबद्दल बोलतात. पण ९० व्या मिनिटाला बॉल कामाविंगाकडे आला तेव्हा घाईने उंच उडवून देण्याचा मोह कुणालाही झाला असता. त्याने वर पाहिलं आणि दूरच्या खांबाकडे धावणाऱ्या बेन्झेमाला बरोबर हेरून लांब चेंडू टाकला. बेन्झेमाने आत वळवला, रॉड्रिगोने पाय लावला. पुढच्याच मिनिटाला दुसरा गोल. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर आवाज बंद करून पाहत होते, ओरडताही येईना.

गंधाली

नव्याने पाहायचं असेल तर कुठला सामना आधी पाहू?

ल्योंकर

रेन-पीएसजी, ऑगस्ट २०१९. क्षणचित्रं नको, पूर्ण सामना. नुसता बॉल पाहू नका, बॉल दुसरीकडे असताना तो कुठे उभा राहतो ते पाहा. मग जमलं तर मे २०२२ ची शेवटची पंधरा मिनिटं.

पंचगंगाकाठ

रविवारी सरावानंतर पोरांना क्लबच्या खोलीत बसवून रेन-पीएसजीच दाखवतो. ल्योंकर, त्याची मान दिसेल अशा कोनातून घेतलेलं चित्रण तुम्हाला कुठे मिळालं तर कळवा.